सव्वाबारा हातांचा ओढा

एका ओढ्याकाठच्या गावात एक सुतार होता. रंधा मारावा तर त्यानेच, पण मोजमापाचा त्याला भारी कंटाळा. अर्ध्याहून कमी असेल ते सोडायचं आणि जास्त असेल ते पुरं धरायचं, एवढं एक गणित तो शाळेतून घेऊन आला होता. वर म्हणायचा, "उरलंसुरलं ओढ्यात!" लोक हसून सोडून देत. खुर्ची डुगडुगली, तर पायाखाली कागदाची घडी सारता येते.

एकदा वरच्या डोंगरात पाऊस कोसळला आणि ओढा फुगला. जुना साकव वाहून गेला. सुताराची बायको, लहानगी लेक आणि तीन शेळ्या मधल्या बेटावर अडकल्या. पाणी बेटावर चढू लागलं.

सुताराने दगड बांधून सुतळी फेकली. बायकोने ती पलीकडच्या खडकावर धरली.

"टेकायची जागा धरून सव्वाबारा हात," शेजाऱ्याने मोजलं.

"म्हणजे बारा!"

काठावरच पोफळीचं खोड पडलं होतं. ते भरलं पावणेबारा.

"हेही बाराच. उचला!"

"दादा, तुझ्या घरामागचं माडाचं खोड आणू. जड आहे, पण लांब आहे."

"तोवर पाणी गळ्याशी येईल! बाराला बारा, झालं."

खोड आडवं टाकलं. पलीकडचं टोक खडकाच्या कडेला जेमतेम टेकलं. लेकीने त्यावर पाऊल ठेवलं मात्र, टोक सटकलं. आईने तिची वेणी धरून मागे ओढलं म्हणून ती वाचली. खोड ओढ्यात गेलं.

"ओढ्याचा पाव हात मी सोडला आणि खोडाला पाव हात चिकटवला," सुतार म्हणाला. "दोन्ही मिळून वीतभर. तेवढ्यात माझी पोर गेली असती रे!"

सगळे धावत सुटले. माडाचं खोड चिखलातून ओढत आणलं, तोवर बायको कमरेइतक्या पाण्यात उभी होती. लेक तिच्या खांद्यावर होती. एक शेळी वाहून गेली, मग दुसरी.

"आता मोजत बसू नकोस!" लोक ओरडले.

सुतार खाली बसला आणि त्याने मोजलं. "तेरा हात. जास्तीचं राहू दे, एक बोटही कापू नका."

खोड पक्कं बसलं. आधी लेक आली, मग काखेत शेळी घेऊन बायको. सुताराने लेकीला छातीशी धरलं आणि तो ढसाढसा रडला.

बायकोने ओला पदर पिळला. "अहो, तीन शेळ्या नेल्या होत्या, एक आणली. उरलंसुरलं ओढ्यात गेलं."

त्यानंतर सुताराच्या तोंडी ते वाक्य कुणी ऐकलं नाही.

तात्पर्य: गोळाबेरीज खुशाल करावी, पण सोडलेला पाव हात कुणाच्या पायाखालून जातो, ते आधी पाहावं.