समोरच्या दारचा आंबा

खडकोळीच्या कासार आळीत दोन्ही बाजूंना घरटी एक रायवळ आंबा आहे. बुंध्यांना कमरेइतका गेरू आणि वर चुन्याचा पट्टा. प्रत्येक घर पाणी घालतं ते मात्र समोरच्या घरच्या झाडाला, आणि डाव्या हाताच्या चौथ्या घरापुढे झाडच नाही. पाहुण्यांनी कारण विचारलं की आळीतले म्हातारे सोनबा तात्या आधी त्यांना बुंध्याला टेकू नका म्हणतात, मग सांगायला बसतात.

फार मागे सलग तीन वर्षं पावसाने पाठ फिरवली होती म्हणे. त्या चौथ्या घरात म्हाळसाक्का राहायची. बांगड्यांची दुरडी डोक्यावर घेऊन ती गावोगाव फिरे, आणि आळीत येता-जाता तिची नजर झाडांवर असे. कुणाच्या आंब्याला वाळवी चढलेली, कुणाच्या बुंध्यातून भुसा गळतोय. भुसा दिसला की समजावं, आत भिरूड आहे. ही अळी उभं खोड पोखरते. म्हाळसाक्का दारोदार सांगून थकली. समोरचा रावजी दरवेळी म्हणे, उद्या बघतो. वर शेजारच्याच्या झाडाची वाळवी दाखवी. शेजारी रावजीच्या झाडाचा भुसा दाखवी. देवळात तीनदा बैठक झाली. तिन्ही वेळा सगळ्यांच्या माना डोलल्या आणि सगळे घरी जाऊन झोपले. म्हाळसाक्काचं डोकं फिरायचंच बाकी होतं.

रावजीच्या म्हाताऱ्या आई बायजाकाकू यांनी मात्र तिला दोनदा हाक मारून सांगितलं होतं की बाई, तुझ्याही आंब्याचा भुसा रस्त्याच्या अंगाला पडतोय. म्हाळसाक्काला राग आला. अख्ख्या आळीला झाडं राखायला मी शिकवायचं, आणि मलाच हे ऐकवायचं? आपल्या ओट्यावरून तिने झाड पाहिलं. चांगलं धडधाकट दिसलं.

चैत्रात एका दुपारी, वारा नसताना, तो आंबा कडकडून रस्त्यावर आडवा झाला. सावलीला बसलेल्या बायजाकाकूंच्या पायावर फांदी आली. पाय मोडला तो मोडलाच. काकू पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. खोड आतून पोकळ होतं. भोकं सगळी रस्त्याच्या अंगाला होती.

आयुष्यभर लोकांवर वैतागलेली म्हाळसाक्का, आता वैतागायला तिला स्वतःशिवाय कुणी उरलं नव्हतं. तिसऱ्या सकाळी तार, करंजतेल आणि शेणमाती घेऊन ती रावजीच्या आंब्यापाशी बसली. भोकात तार घालून एकेक अळी ओढून काढायची, तेलाचा बोळा कोंबायचा, वरून लिंपायचं.

रावजी बाहेर आला. आईच्या पायाचा संताप त्याच्या तोंडावर होता. "आक्का, माझ्या दारचं झाड आहे. हात लावू नका."

"दार तुझं आहे," ती मान वर न करता म्हणाली. "झाडाची पाठ माझ्याकडे आहे. माझ्या झाडाची तुमच्याकडे होती. काकूंनी सांगितलं, मी ऐकलं नाही."

आतून काकूंचा आवाज आला, "करू दे रे तिला. आणि तू कुणाचं झाड बघणार आहेस ते सांग."

त्या दिवशी म्हाळसाक्काने नेम केला, असं सांगतात. समोरच्या आंब्याला तांब्याभर पाणी घातल्याशिवाय आपण घोट घ्यायचा नाही. विहिरीत पाणी पाझरायची वाट बघत ती कोरड्या घशाने दुपारपर्यंत बसून राही. एकदा भोवळ येऊन काठावरच पडली. रावजीने तिला घरी आणलं आणि तिच्या घागरीतलं पाणी स्वतः झाडाला घातलं. घालताना शेजारच्या झाडाची वाळवी त्याला दिसली. या वेळी तो केवळ दाखवून थांबला नाही. पुढच्या पंधरवड्यात आळीतलं एकेक घर दुसऱ्याच्या झाडाशी दिसू लागलं, कुरकुरत का होईना. पाऊस आला तोवर एकही आंबा आणखी गेला नव्हता. म्हाळसाक्काने स्वतःच्या दारी मात्र पुन्हा झाड लावलं नाही.

आजही आळीत नवी सून आली की पहिल्या सकाळी सासू तिच्या हाती तार देऊन समोर पाठवते. सुनेने बुंध्याभोवती फिरून झाड तपासायचं आणि काही खोट सापडली की त्या घरच्या कर्त्याला चारचौघांत खडसवायचं. तो कितीही मोठा असो, त्याने ओट्यावरून खाली उतरून ते ऐकून घ्यायचं असतं.