आचाऱ्याचा शेवटचा शब्द

"...पण स्वामी, अर्थच लागला नाही, तर त्या शब्दाचं मी करायचं काय?"

निर्गुणस्वामी मठाच्या पायरीवर बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सगळा देश पायी फिरलात तुम्ही," उकिडवे म्हणाले. "किती भाषा तुमच्या कानांवरून गेल्या असतील. एकदा ऐकून तर बघा."

"ऐकतो. पण गोष्ट ऐकतो. नुसता शब्द नको."

रघुवीर उकिडवे स्वामींचे जुने शिष्य, आणि पेशाने अनुवादक. शंभर वर्षांपूर्वीची एक अमेरिकन साहसकथा त्यांनी मराठीत आणायला घेतली होती. मोत्यांच्या शोधात निघालेलं एक गलबत, एक तऱ्हेवाईक कप्तान आणि देशोदेशींचे खलाशी. लेखकाला परक्या शब्दांची भारी हौस. त्याच्या कप्तानाला साधी शिवी द्यायची झाली तरी ग्रीक देव मध्ये लागत. मलय, स्पॅनिश, अरबी, जे कानावर पडलं ते त्याने पुस्तकात घातलेलं. एका पानावर तर आपला 'साहेब'सुद्धा होता, आणि कप्तान तो शब्द गलबतावरच्या शेळीला उद्देशून वापरत होता. उकिडव्यांनी त्यावरही पाऊण पान टीप लिहिली.

टीप दिल्याशिवाय त्यांनी एकही शब्द सोडला नाही. गोष्ट बारीक होत गेली आणि टिपांनी बाळसं धरलं. त्या नादात मित्र तुटले, बहिणीकडचं जाणंयेणं थांबलं. दोन खोल्यांत कोश आणि ते. कुणाशी बोलावंसं वाटलं की ते आणखी एक कोश उघडत. माणूस फार एकटा पडला होता, पण त्या एकटेपणाला ते काम म्हणत.

आणि आता शेवटच्या प्रकरणात एका शब्दापाशी घोडं अडलं होतं. त्याची टीप लिहिल्याशिवाय पुस्तक हातावेगळं करायचं नाही, असा त्यांचा हट्ट. प्रकाशकाने विचारायचंही सोडून दिलं होतं.

"वाच," स्वामी म्हणाले, आणि शेंगांची टोपली बाजूला सारून समोर मांडी घालून बसले.

मठाची एक रीत होती. पोथी एकट्याने वाचायची नाही. समोर कुणीतरी बसायचं आणि ओवी संपली की 'हं' म्हणायचं. हुंकार थांबला की वाचणाऱ्यानेही थांबायचं. पूर्वी गावातल्या अनसूयाबाई हुंकार द्यायला येत. त्या वारल्या, आणि तेव्हापासून पोथी फडक्यात बांधून ठेवलेली होती.

उकिडवे वाचू लागले. वादळ झालं.

"हं," स्वामी म्हणाले.

गलबताची डोलकाठी मोडली.

"हं."

कप्तानाने कुठल्याशा देवाचं नाव घेतलं. उकिडवे थांबले, बोट पानाच्या तळाशी नेलं आणि टीप वाचली. चांगली लांब टीप होती.

स्वामी गप्प.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय."

पुढची टीप आली. स्वामी पुन्हा गप्प. त्यापुढची आली, तरी तेच. उकिडव्यांना राग आला. सगळा जीव त्यांनी टिपांत ओतला होता. पण हुंकाराविना वाचताना त्यांना स्वतःचाच आवाज नकोसा झाला, आणि ते मुकाट्याने टिपा गाळू लागले.

"हं," स्वामी म्हणाले. "हं..."

ऊन नदीपलीकडे उतरलं. आचाऱ्याचं मरण आलं.

हा आचारी गलबतावर कुठून आला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्याच्या हातचं जेवत, नाव कुणी विचारलं नव्हतं. तो तापाने फणफणून डेकवर पडला होता. खलाशी भोवती जमले. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, आलोमे.

ही कुठली भाषा, खलाशांनी एकमेकांना विचारलं. मलय असेल, एक म्हणाला. दुसरा म्हणाला, छे, पोर्तुगीज. आचारी पुन्हा म्हणाला, आलोमे. कप्तानाने केबिनमधून कोश आणायला माणूस पाठवला. कोश आला तेव्हा आचारी गेला होता.

उकिडव्यांनी बाड मिटलं. "हाच तो शब्द. आलोमे. कुठल्याही कोशात नाही. आता तुम्हीच सांगा."

मठाखालच्या घाटावर कुणी नव्हतं. समोरच्या काठावर एक टिटवी ओरडून गेली.

मग स्वामी काहीतरी म्हणाले. छोटंसंच वाक्य होतं, पण ते मराठी नव्हतं.

उकिडव्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. "म्हणजे तुम्हाला येते ती भाषा! पुन्हा म्हणा, लिहून घेतो."

"त्याची नाही. माझी..." स्वामी म्हणाले. आणि तेच वाक्य पुन्हा, जरा हळू.

"कानडीसारखं वाटतं. का तुळू? स्वामी, तुमचं गाव कुठलं?"

संन्याशाला गाव विचारत नाहीत. उकिडव्यांना हे ठाऊक होतं, पण शब्द तोंडातून गेला होता.

स्वामी रागावले नाहीत. त्यांनी नदीकडे तोंड केलं आणि तिसऱ्यांदा तेच म्हणाले. आता आवाज स्वामींचा नव्हता. ज्याची भाषा बोलणारं आसपास कुणीही उरलेलं नाही, अशा एका थकल्या म्हाताऱ्याचा होता.

उकिडव्यांनी हातातल्या पेनाकडे पाहिलं. मांडीवरच्या बाडाकडे पाहिलं. मलय असेल, एक म्हणाला. छे, पोर्तुगीज...

त्यांना एकदम लाज वाटली. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"हं," ते म्हणाले.

स्वामींचे खांदे सैल झाले. ते बोलू लागले. थोडं थांबत, थोडं आठवत, मग सलग. मध्येच एकदा हसले, एकदा डोळे पुसले. उकिडव्यांना त्यातलं एक अक्षर समजत नव्हतं. पण जिथे श्वास थांबे, तिथे ते 'हं' म्हणत होते. आपण माणसासमोर असे किती दिवसांत बसलो नव्हतो, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि ते फार लागलं.

स्वामींचं बोलणं संपलं. त्यांनी टोपली पुढे ओढली आणि पुन्हा शेंगा मोडायला घेतल्या.

"बाड उद्या प्रकाशकाकडे पाठवून देतो," उकिडवे म्हणाले. "आलोमेच्या टिपेची जागा कोरी ठेवतो."

उकिडव्यांना राहवेना. अनुवादकाचाच जीव तो.

"पण स्वामी... खरं सांगतो. मघाशी तुम्ही जे बोललात, त्यातलं मला काहीच कळलं नाही."

स्वामींनी एक शेंग मोडली, तुकडे टोपलीत टाकले.

"मग 'हं' कुणाला म्हणालास?"