सर्वात मोठ्या विमानाच्या छपराबाबत

विषय : विमानतळावरील एकमेव छप्पर सर्वात मोठ्या विमानास देणेबाबत.
संदर्भ : कचेरीच्या फळ्यावरील सूचना, व तीवर आलेले दोन अर्ज.

फार पूर्वी, विमानं बोलत असत आणि कचेऱ्या ऐकतही असत, त्या काळी समुद्राकाठच्या एका विमानतळावर दोन अवाढव्य विमानं राहत होती. एक म्हातारा मालवाहू. सहा इंजिनं, बत्तीस चाकं. गुडघे टेकून नाक वर उचललं की आगगाडीचं इंजिनसुद्धा पोटात घेई. दुसरी दुमजली, प्रवाशांची. पाचशे माणसं बसवायची आणि दोन्ही मजल्यांवर गरम चहा द्यायची.

म्हाताऱ्याला छप्पर हवंच होतं. खाऱ्या वाऱ्यानं त्याच्या नाकाची बिजागरी गंजत चालली होती. नाक उघडेनासं झालं की मालवाहूचं भंगार होतं, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

आठवडाभर दोघांची तुलना चालली होती.

"लांबी माझी जास्त, पंख माझे जास्त," म्हातारा म्हणे.

"उंची माझी जास्त, काका. आणि माझ्यात माणसं बसतात. तुमच्यात काय, खोकी!"

"खोकी खिडकीच्या जागेसाठी भांडत नाहीत, बाई."

मोजणीचा दिवस उजाडला. सूचनेत खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : 'मोजणीच्या वेळी विमान जागेवर ताठ उभे असावे. गैरहजर विमानाचा अर्ज रद्द समजला जाईल.' मोजणीदार दहा वाजता येणार होते, म्हणजे बारा धरून चालायचं. म्हातारा सकाळपासून ताठ उभा होता. लांबी आणि पंख, तीनपैकी दोन रकाने त्याचेच होते. छप्पर जवळजवळ मिळाल्यातच जमा होतं.

नऊ वाजता निरोप आला. समोरच्या बेटावर पाचशे माणसं जत्रेला गेली होती. वादळात त्यांच्या होड्या फुटल्या, आणि पिण्याचं पाणी दुपारपर्यंतच पुरणार होतं.

दुमजलीनं इंजिनं सुरू केली, आणि लगेच बंद केली.

"काका, बेटावर धावपट्टी आहे, पण माझ्या दारापर्यंत पोचेल असा जिना नाही. मी उतरेन, आणि माणसं खाली उभी राहून माझं पोट बघत बसतील."

उंच जिन्याची गाडी इथे होती. ती बेटावर नेऊ शकेल असं पोट एकाच विमानाला होतं.

"गेलीस तर तुझाही अर्ज रद्द होईल," म्हातारा म्हणाला.

"होऊ दे. त्या छपराखाली माझी शेपटी मावतच नाही."

"मग अर्ज कशाला केलास?"

"तुम्ही केलात म्हणून."

म्हाताऱ्यानं एकदा छपराकडे पाहिलं. "मोजणी होईपर्यंत थांबलो तर?" त्यानं हळूच विचारलं. दुमजलीनं नाक बेटाकडे वळवलं. बेटावरच्या पाण्याचा हिशेब तोही करू शकत होता.

त्यानं गुडघे टेकले. बिजागरी अशी करकरली की धावपट्टीवरचे बगळे उडाले. नाक वर गेलं, जिन्याची गाडी आत चढू लागली, आणि नोकरीत पहिल्यांदाच मोजणीदार वेळेआधी हजर झाले.

"काका, ताठ उभे राहा पाहू. दोन मिनिटांचं काम."

"लांबी-रुंदी बसल्या बसल्या मोजा की."

"नियमात बसत नाही. ताठ म्हणजे ताठ."

"ताठ झालो तर जिना चढत नाही, साहेब. आणि तिकडे दोन मिनिटांनी माणसांची तहान वाढते."

मोजणीदारांनी शांतपणे नोंद केली : 'विमान वाकलेल्या स्थितीत आढळले. नंतर गैरहजर.'

दुपारच्या आत पाचशेच्या पाचशे माणसं परत आली. एक आजीबाई तेवढी जिन्यावर दोनदा चढली, पहिल्यांदा घाईत नीट बघता आलं नाही म्हणून. मात्र तोवर छप्पर धावपट्टी सपाट करणाऱ्या रोड रोलरला देण्यात आलं होतं. मोजणीच्या वेळी जागेवर ताठ उभा तो एकटाच होता.

त्या संध्याकाळी दुमजली सरकत सरकत म्हाताऱ्याजवळ आली आणि तिनं आपला पंख बरोबर त्याच्या नाकावर धरला.

"जरा वाका, काका. बिजागरी बाहेर राहतेय."

"उंची कमी भरेल."

"इथे कोण मोजतंय?"

म्हातारा वाकला. तेव्हापासून रोज संध्याकाळी वाकतो. बिजागरी अजून करकरते, पण नाक उघडतं.

तात्पर्य : उंची मोजायला ताठ उभं राहावं लागतं, मोठेपणा कोण कोणासाठी वाकतो त्यावरून कळतो.

छप्पर म्हाताऱ्याला मिळावं, असा पाचशे सह्यांचा अर्ज कचेरीत दाखल आहे. त्यावर रोड रोलरचे म्हणणे मागवले आहे. ते अद्याप आलेले नाही. अर्ज विचाराधीन आहे.