तांबुळदऱ्याचा 'येत नाही'चा दगड

तांबुळदऱ्याच्या फाट्यावर एसटीतून उतरून शाळेकडे चालू लागलात की वेशीबाहेर डाव्या हाताला एक काळा, सपाट दगड दिसतो. बैलगाडीच्या चाकाएवढा असेल. त्याला शेंदूर नाही, घंटा नाही, पाटी नाही. पाहुणे त्याच्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधतात, एखादा फोटो काढतात आणि पुढे जातात. गाव त्याला 'येत नाही'चा दगड म्हणतं.

शाळेतला इंग्रजीचा पहिला तास दर वर्षी या दगडावर होतो. आधी मास्तर बसतात, भाकरी मोडून मुलांना वाटतात, आणि स्वतःला न येणारा एक इंग्रजी शब्द मोठ्याने उच्चारून म्हणतात, "हा मला येत नाही." मग एकेक मूल तेच करतं. बाहेरून आलेल्या बड्या पाहुण्यालाही यातून सूट नाही. त्यामुळे बडे पाहुणे इकडे फारसे फिरकत नाहीत आणि गावाचं त्यावाचून काही अडत नाही. तीन वर्षांपूर्वी तालुक्याहून एक टायवाले गृहस्थ आले होते, नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवणारे. दगडावर बसले, भाकरी खाल्ली आणि म्हणाले, मला न येणारा शब्द काही आठवत नाही बुवा. गावाने त्यांना चहा पाजला आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं.

ही चाल कशी पडली, त्याची हकिगत जुनी आहे. तेव्हा तांबुळदऱ्याला जहागीर होती. जहागीर म्हणजे फार काही नव्हे. सात गावं, एक गढी, एक म्हातारा घोडा, आणि हत्तीसाठी बांधून ठेवलेला पण हत्ती कधीच न पाहिलेला एक हत्तीखाना. गढीवर रोज साठ माणसांचं जेवण होई, आणि त्या साठ जणांच्या भाकरीचं पीठ बयजा ढमाले मळत असे. तिचा नवरा रायाजी साहेबाच्या पलटणीत शिपाई होता आणि पलटणीबरोबर काबूलकडे गेला होता. तो गेल्यावर दीड वर्षाने बयजाच्या नावाने एक लखोटा आला. वर लाखेचा शिक्का, आत इंग्रजी कागद.

सगळ्या जहागिरीत इंग्रजी येतं असं समजलं जाणारा माणूस एकच, कारकून अंताजीपंत. त्यांना इंग्रजी किती येत होतं? लखोट्यावरचं नाव लावता येत होतं, आणि सही कुठे करायची ते कळत होतं. पण पंत कचेरीत बसून इंग्रजी वर्तमानपत्र तासन्‌तास समोर धरत, मधूनच "हं" म्हणत, आणि जहागीरदार त्या "हं"वर खूश असत. बयजा कागद घेऊन आली तेव्हा नेमकी कचेरी भरलेली होती. जहागीरदार म्हणाले, वाचा पंत. पंतांनी कागद वर धरला, खाली धरला. त्यात त्यांना रायाजीचं नाव दिसलं आणि शिक्का दिसला. महिन्यापूर्वीच शेजारच्या गावात असाच शिक्क्याचा कागद आला होता, आणि तो पलटणीतून पळालेल्या शिपायाबद्दल होता, एवढं पंतांच्या कानावर होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगून टाकलं, रायाजी ढमाले पलटण सोडून पळाला.

एवढंच. माणसाच्या नावाला काळं फासायला एवढा वेळ लागतो.

बयजाने तो कागद मग पाटलाला दाखवला. पाटील म्हणे कागद उलटा धरूनच वाचत होता आणि म्हणाला, पंत म्हणतात ते खरं. बाजारात एक व्यापारी येई, मुंबईला जाऊन आलेला. तो म्हणाला, यात लिहिलंय की सापडला तर गोळी घालतील. एकाने पळवला, दुसऱ्याने मान डोलावली, तिसऱ्याने बंदूक रोखली, आणि तिघांनाही त्यातलं एक अक्षर लागलेलं नव्हतं.

त्यानंतर बयजाचे दिवस कसे गेले असतील, ते गाव आता खाली मान घालून सांगतं. पाणवठ्यावर बायका तिच्यासाठी जागा करेनात. हळदीकुंकवाचं बोलावणं थांबलं. पळपुट्याची बायको, हेच तिचं नाव झालं. भाकरी मात्र सगळ्यांना तिच्याच हातची लागे. ती कपाळाला कुंकू लावायची तेव्हा तिला कळत नसे की हे जिवंत नवऱ्याचं लावतेय की मेलेल्या, शूराचं की भेकडाचं. तिने तो कागद पिठाच्या मडक्यात तळाशी ठेवला आणि मनाशी ठरवलं की आता हा कोणाच्याही तोंडून ऐकायचा नाही. वाचला तर स्वतः वाचायचा.

सहा वर्षं अशीच गेली. मग जहागीरदारांना गढीवर इंग्रजीचा वर्ग काढायची हौस आली. शेजारच्या जहागीरदाराने काढला होता, हे कारण त्यांना पुरेसं होतं. पुण्याकडून गणपुले नावाचे एक मास्तर आले. हडकुळे, खोकणारे, आणि बरोबर उशीएवढा जाड कोश. हत्तीखान्यात वर्ग भरू लागला. बयजा पहिल्याच दिवशी पिठाचे हात धुऊन मागच्या भिंतीशी येऊन बसली. मास्तरांनी विचारलं, काय शिकायचंय? ती म्हणाली, वाचायला. मास्तरांनी पुढे काही विचारलं नाही, आणि त्यासाठी तरी त्या माणसाला मान द्यायला हवा.

मास्तरांची शिकवायची रीत वेगळी होती. ते शब्द सांगत, अर्थ सांगत, आणि मग कोश उघडून तो शब्द कुठल्या घरचा ते सांगत. विंडो म्हणजे खिडकी, पण मुळात 'वाऱ्याचा डोळा'. मसल म्हणजे दंडाचा स्नायू, पण मुळात 'छोटा उंदीर', कारण दंड वळला की कातडीखाली तसंच काहीतरी पळतं. कॉट म्हणजे तर आपलीच खाट. साहेबाने ती नेली, तिचं नाव बदललं, आणि आता गढीवरची मंडळी खाटेला कॉट म्हणून तिच्यावर जास्त ऐटीत झोपत होती. बयजाला ही रीत मनापासून आवडली. शब्दाचं मूळ कळलं की तो विसरत नाही, आणि त्यात कोणाला थाप मारता येत नाही, असं ती म्हणायची. मास्तरांना पुढे तिच्या कागदाबद्दल कळलं तेव्हा ते म्हणाले, बाई, आणा, मी वाचून देतो. बयजाने नकार दिला. तुम्ही हुशार आहात म्हणूनच देत नाही, म्हणाली.

वर्ग दोन वर्षं चालला आणि मग बुडाला तो जहागीरदारांच्या बाईसाहेबांमुळे. बाईसाहेब एकदा कलेक्टरच्या बंगल्यावर जाऊन आल्या होत्या. तिथे कोण्या मड्डमेला सगळे लेडी म्हणत होते. घरी येताच त्यांनी फर्मान काढलं की आपल्यालाही यापुढे लेडी म्हणायचं. गढीवर लेडीसाहेब, लेडीसाहेब असा गजर सुरू झाला. हाक मारणाऱ्याला अर्थ ठाऊक नव्हता आणि ओ देणारीलाही नव्हता. वर्गात कोणीतरी विचारलं, लेडी म्हणजे मुळात काय? मास्तरांनी कोश उघडला आणि जे होतं ते वाचलं. फार जुन्या इंग्रजीत याचा अर्थ, भाकरीचं पीठ मळणारी. सगळ्या वर्गाने माना वळवून मागच्या भिंतीशी बसलेल्या बयजाकडे पाहिलं.

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत बाईसाहेबांच्या कानी गेली. शब्द मागे घ्यावा, कोश जाळावा की मास्तरांना हाकलावं, असे तीन उपाय निघाले म्हणे. पहिला कोणाला जमेना, दुसऱ्याला मास्तर आडवे पडले, म्हणून तिसरा केला. वर्ग हत्तीखान्यातून बाहेर निघाला. गणपुले मास्तर गाव सोडून गेले नाहीत. वेशीबाहेरच्या या काळ्या दगडावर बसून त्यांनी शिकवणं चालू ठेवलं. बयजाचंही गढीवरचं काम सुटलं. तिने दगडाशेजारी चूल मांडली. मास्तर आणि पोरं तिची भाकरी खात आणि शब्द शिकत. असं आणखी एक वर्ष गेलं.

मग एका बाजाराच्या दिवशी बयजा पिठाच्या मडक्यातला कागद घेऊन दगडावर येऊन बसली. तिचं म्हणणं साधं होतं. रायाजीला पळपुटा ठरवलं ते भर कचेरीत, तेव्हा आता जे काय असेल ते भर बाजारात वाचायचं. पळाला असेल तर पळाला. बाजारकरी जमले. पाटील आला. अंताजीपंतही आले, कारण न येणं बरं दिसलं नसतं. त्यांचा चेहरा कसा झाला होता याची वर्णनं गावात अजून निरनिराळी ऐकायला मिळतात, आणि ती सांगताना सगळ्यांनाच गोडी वाटते.

बयजाने घडी उलगडली. पिठाने कागद मऊ पडला होता. तिने बोट ठेवून एकेक शब्द वाचला, आधी इंग्रजीत, मग मराठीत. शिपाई रायाजी ढमाले. आजारी सोबत्याला पाठीवर घेऊन छावणीत आणलं. त्याच तापाने स्वतः वारला. तारीख होती ती कागद येण्याच्या तीन महिने आधीची. बयजा थांबली. पदराने तिने कपाळ पुसलं. नऊ वर्षं ती जे लावत होती ते तिने नऊ वर्षांनी, भर उन्हात, सगळ्यांसमोर पुसलं. कोणाकडे पाहिलं नाही. मग तिने पुढे बोट ठेवलं. शेवटची एक ओळ राहिली होती. त्याला अग्नी दिला तो त्याच्या कंपनीने.

तिथे ती अडली. परमुलखात गेलेल्या माणसाला अग्नी कोणी दिला, याहून मोठा प्रश्न तिच्यासाठी उरला नव्हता. कंपनी हा शब्द तर सगळ्यांच्याच तोंडी होता. पाटील लगेच म्हणाला, कंपनी म्हणजे सरकार. मुंबईचा व्यापारी म्हणाला, कंपनी म्हणजे मोठं दुकान. आणखी एकाने सांगितलं, कंपनी म्हणजे वाजंत्री. नऊ वर्षांत एवढं होऊनही या मंडळींची खोड गेली नव्हती. बयजाने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तिने मास्तरांना विचारलं.

गणपुले म्हणाले, "पलटणीतल्या तुकडीला म्हणतात. पण मुळात काय, ते मला येत नाही. बघावं लागेल."

तांबुळदऱ्यात शिकलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा निघालं, असं सांगतात. लोकांना वाटलं आता आभाळ कोसळेल. काही झालं नाही. मास्तरांनी मांडीवर कोश घेतला, पानं उलटली, दोनदा वाचलं आणि मग सांगितलं. मूळ शब्द लॅटिन. त्याचे दोन तुकडे. पहिल्याचा अर्थ 'सोबत', दुसऱ्याचा 'भाकरी'. एकत्र भाकरी खाणारे, ती कंपनी.

बयजाने त्या शब्दावर पुन्हा बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे घरच्यांनीच दिला."

आणि ती रडली. नऊ वर्षांचं सगळं तिथे त्या दगडावर रडली. बाजार उभा राहून ऐकत होता. ज्यांनी पाणवठ्यावर जागा दिली नव्हती त्या बायकाही रडत होत्या, आणि त्यांच्या रडण्याला काय किंमत द्यायची ते ज्याचं त्याने ठरवावं.

रडं आवरल्यावर बयजाने अंताजीपंतांना पुढे बोलावलं. लोकांना वाटलं आता ही शिव्याशाप देणार. पाटलाने तर काठी सावरली होती. तिने आवाजही चढवला नाही.

"पंत," ती म्हणाली, "तुमास्नी येत न्हवतं. तेवडंच म्हनायचं हुतं."

पंत तोंडासमोर धरायला काहीतरी शोधू लागले. वर्तमानपत्रही हाताशी नव्हतं.

मग तिने चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं आणि भाकरी थापायला बसली. रायाजीच्या नावाने तिने पण केला. ज्याने ज्याने रायाजीला पळपुटा म्हटलं त्याने दगडावर बसावं, तिच्या हातची भाकरी मोडून शेजारच्याला द्यावी, आणि मोठ्याने 'मला येत नाही' म्हणावं. त्याशिवाय या दगडावर पुढचा शब्द शिकवला जाणार नाही. गावातली झाडून सगळी माणसं रांगेला लागली. पाटील दोनदा 'मला येत' एवढ्यावरच थांबला. व्यापारी आधी मुंबईच्या गोष्टी सांगू लागला, तेव्हा मागच्या बाईने त्याला पाठीत बोटाने ढोसलं. बाईसाहेब मेण्यातून येऊन पडद्याआडून म्हणून गेल्या असं काही जण सांगतात, पण ते खरं मानायला गाव तयार नाही. अंताजीपंत सगळ्यांत पुढे होते, असं त्यांचे वंशज सांगतात. बाकीचं गाव सांगतं की ते शेवटी आले, दिवस कलल्यावर, आणि इतक्या हळू बोलले की त्यांना तीनदा म्हणायला लावलं.

पुढे जहागीर बुडाली. गढीचे दगड लोकांनी गोठ्यांना वापरले. लेडी म्हणवून घेणाऱ्या बाईसाहेबांचं खरं नाव काय होतं, ते आज कोणाला सांगता येत नाही. रायाजीचं नाव शाळेतल्या प्रत्येक पोराला येतं.

आजही इंग्रजीच्या पहिल्या तासाची भाकरी ढमाल्यांच्या घरातून येते आणि ती मोडल्याशिवाय फळ्यावर अक्षर उमटत नाही. आजही तांबुळदऱ्याचा मुलगा किंवा मुलगी पुण्याला, चाकणला नोकरीला लागून सुटीत घरी आली, की गावातल्या बायका त्यांना कुठल्या कंपनीत आहेस असं विचारत नाहीत. त्या विचारतात, "डबा कुनासंगं खातोस?" पोराने नावं घेतली की त्या पुढे काही विचारत नाहीत. एकटाच खातो म्हणाला, तर त्याच्या पगाराचं, गाडीचं कितीही कौतुक चाललेलं असो, म्हातारी बाई त्याच्या आईला बाजूला घेऊन सांगते की पोराला अजून कंपनी मिळालेली नाही.