पुढे झुकलेली डोलकाठी

फार पूर्वी, समुद्रावर फक्त शिडांचंच राज्य होतं तेव्हा, एका गलबतावर दोन डोलकाठ्या होत्या. मागची जुनी आणि ताठ. दुसरी, गलबताच्या मधोमध, नवी आणि पुढे झुकलेली. सुतारानं तिला मुद्दाम तशीच बसवली होती.

“पोरीनं असं पुढे पुढे करू नये,” मागची रोज टोचायची. “आपल्या घराण्यात असं कुणी उभं राहिलं नाही.”

“पण आत्या, वारा फिरला की शीड माझ्या पुढून न्यायला जागा नको?”

“आम्हाला शिकवतेस?” आत्यानं दोघींना बांधून ठेवणाऱ्या दोराला हुकूम सोडला. दोर वडीलधाऱ्यांच्या शब्दाबाहेर नव्हता. त्यानं धाकटीला मागे ओढून सरळ केलं.

एके दिवशी वारा अचानक फिरला आणि गलबत खडकाकडे निघालं. “शीड दुसऱ्या बाजूला घ्या!” तांडेल ओरडला. खलाशी शिडाची लांब काठी धाकटीच्या पुढून फिरवू लागले, पण ती तिच्या अंगाला घासून अडकली.

“दोरा, सोड मला!”

दोरानं आत्याकडे पाहिलं.

“तिच्याकडे काय बघतोस? खडकाकडे बघ!”

दोर सैल झाला. धाकटी झुकली, काठी मोकळी फिरली, शिडात वारा भरला आणि गलबत खडकाच्या अगदी जवळून निसटलं.

खडक मागे पडला. मग आत्या कुरकुरली, “काय गं, पुढे झुकलं की दिसतं तरी काय?”

“बंदर.”

आत्या जराशी घुटमळली. “दोरा,” ती हळूच म्हणाली, “मलाही थोडं सैल सोड बघू.”