कीर्तनाआधीचा घाम

"नस कापली की घाम थांबतो म्हणतात, बुवा. कापून घेऊ?"

नरहरबुवा सुपारी कातरत होते. कातरतच राहिले.

"कुठली नस?"

"छातीतली. मोठ्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. रोग काही नाही म्हणाले. गोळ्या दिल्या. पण गोळीनं तोंड सुकतं, शब्द टाळूला चिकटतो. मग राहिली ती नस."

"आणि घाम जातो?"

"चेहऱ्याचा जातो... काही जणांना मग पाठीला, पोटाला सुटतो म्हणे."

"म्हणजे बिऱ्हाड बदलतो."

वासुदेवाला हसू आलं नाही. चार वाजता ह्याच देवळात त्याचं कीर्तन होतं.

सात वर्षं तो बुवांपाशी शिकला. पाठांतर असं की बुवांनी एक ओळ म्हणावी आणि ह्यानं पुढच्या चाळीस. त्याचा त्याला गर्वही होता. गेल्या महिन्यात शेजारच्या गावी तो पहिल्यांदा एकटा उभा राहिला. हरिश्चंद्राचं आख्यान लावलं. तोंड उघडलं मात्र, कान तापले, गाल लालबुंद झाले, आणि कपाळाचं गंध घामाबरोबर डोळ्यात उतरलं.

पुढं बसलेली एक म्हातारी शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "अगो, गोष्ट हरिश्चंद्राची नि तोंड चोराचं कसं गो?"

निम्मं देऊळ हसलं.

आज तसं होऊ नये म्हणून त्यानं कालपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. आत पाणीच नसलं तर बाहेर येईल कुठून? न्हाव्याकडून तुरटी आणून चेहऱ्यावर घासली होती. कातडी चरचरत होती. तरी आत्ता, नुसतं बोलताना, कानशिलावरून एक ओघळ निघालाच.

बुवांनी तांब्या पुढं सारला.

"पाणी पी."

"नको, बुवा."

"पी रे बाबा."

तो प्याला. घटाघटा प्याला.

"आज पुन्हा तसंच झालं तर मी भावाच्या दुकानात जाऊन बसेन. कीर्तनाचं नाव काढणार नाही."

"बरं... त्या दिवशी माणसं किती होती?"

"तीनशे तरी."

"ती म्हातारी दिसायला कशी होती?"

"आवाज ऐकला. पाहिली नाही."

"पेटीवर कोण होतं?"

"तेही पाहिलं नाही."

"मग तासभर पाहत काय होतास?"

त्या दिवशी वासुदेवासमोर आरसा नव्हता, तरी तो तासभर स्वतःचंच तोंड पाहत होता.

बाहेर चपलांचे आवाज येऊ लागले. बुवांनी बुक्क्याची वाटी त्याच्या हातात दिली.

"दारात उभा राहा. येईल त्याला लाव."

"मी? कीर्तनकारानं बुक्का लावायचा नसतो, बुवा. गुरव लावतो. आणि तिथं तर... अगदी तोंडासमोर तोंड."

"हो. वीतभर अंतर."

तो उभा राहिला. पहिल्या कपाळाला बुक्का लावला. चेहरा पेटला होता, हे त्याला न पाहता कळत होतं.

वैशाखातलं ऊन. देवळाची चढण चढून माणसं येत होती. एका नव्या सुनेचं कुंकू नाकापर्यंत उतरलं होतं. एक शेतकरी टोपीनं मान पुसत होता. एक मुलगी बुक्का लावेपर्यंत डोळे गच्च मिटून उभी राहिली. लाव, पुढं. लाव, पुढं.

मग एक म्हातारी धापा टाकत आली. निरखून पाहत म्हणाली, "तोच ना रे तू, हरिश्चंद्रवाला?"

आवाज त्यानं लगेच ओळखला. त्याचे कान पुन्हा तापले.

"आज तुझंच आहे म्हणून आल्ये हो. त्या दिवशी पुढचं काही ऐकूच आलं नाही त्या हसण्यात. थांब, घामेजल्ये... तोंड पुसत्ये आधी."

"राहू दे, आजी," तो म्हणाला. "असंच लावतो."

वाटी रिकामी झाली तेव्हा देऊळ भरलं होतं. वासुदेव आत आला. घाम हनुवटीवरून टपकत होता. त्यानं उपरण्याचं टोक वर नेलं, आणि तसंच हातात धरून थांबला.

"बुवा... लाल झालोय का हो पुन्हा?"

बुवांनी जवळ येऊन, डोळे बारीक करून, बराच वेळ पाहिलं.

"झालायस," ते म्हणाले. "चल. माणसं उन्हातून आली आहेत."