बोरीने पाटलांना धरले

माळाच्या कडेला, जिथे उन्हाळा सगळ्यांच्या आधी येतो आणि सगळ्यांच्या मागून जातो, तिथे पाथरखेडे नावाचे गाव आहे. श्रीटेकूमहाराज फिरत फिरत या गावी आले आणि राहिले. महाराज नेहमी कशाला तरी टेकून बसत. कधी देवळाचा खांब, कधी कुणाची बैलगाडी, कधी रवंथ करणारी म्हैस. म्हशीला त्यात काही वावगे वाटत नसे. उलट महाराज उठून गेले की ती धार काढू देत नसे.

गावात भिवराबाई नावाची एक भाविक बाई राही. नवरा घोंगड्या विणी, ती परसात भाजीपाला लावी. एकदा महाराज तिच्या परसात भिंतीला टेकून बोरे खात बसले होते. उठताना त्यांनी एक बी तिच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "हे लाव. दोन घरं सुखात राहतील."

आता त्या मुलखात समजूत अशी, की काटेरी झाड घराशी लावले की घरात भांडणे लागतात. शेजारणींनी भिवराबाईला तसे परोपरीने सांगितले. ती म्हणाली, महाराजांनी दिलंय. एवढे बोलून तिने बी भिंतीकडेला पुरले. रोप वर आल्यावर तांदूळ धुतलेले पाणी ती त्याला घाली, आणि शेळ्या तोंड लावतील म्हणून तिने त्याच्याभोवती काट्यांचे कुंपणही केले. काट्याला काट्याचे कुंपण! भिंतीपलीकडे हैबतराव पाटलांची माडी होती. पाटील माडीवरून हे पाहून इतके हसले, की त्यांना उचकी लागली.

पाटलांची स्वतःची बाग मोठी देखणी. मोगरा, शेवंती, जास्वंद. गुलाबही होता, पण त्याचे काटे रोज सकाळी गडी खुडून टाकी. एवढी काळजी घेऊनही पाटील आणि त्यांची पत्नी तानूबाई यांच्यात लोणच्यात मीठ किती असावे यावरून वाद झाला आणि बोलणे बंद पडले. दोघे गाईमार्फत बोलत. "कपिले, सांग त्यांना, पान वाढलंय." "कपिले, सांग तिला, भूक नाही." गाय बिचारी दोन्हीकडचे ऐकून घेई.

दिवाळी झाली तरी अबोला सुटेना, तेव्हा पाटलांनी विचार केला. दोष कुणाचा? आपला नाही. तानूबाईचा म्हणावा, तर ते सांगायला पुन्हा गाय लागणार. मग त्यांचे लक्ष दोन-तीन वर्षांत वाढून भिंतीवरून डोकावू लागलेल्या बोरीकडे गेले. त्यांनी गाव जमवून जाहीर केले, की आपल्या घरातले भांडण या झाडाने लावले आहे. महाराजांचा प्रसाद असेल तर झाडाने स्वतःला वाचवून दाखवावे. उद्या आपण ते आपल्या हाताने तोडू.

भिवराबाई रडत महाराजांकडे गेली. झाड तर जाईलच, पण गुरूचा शब्द खोटा पडला असे गाव म्हणेल, हे तिला सोसवेना. महाराज म्हशीला टेकून होते. सगळे ऐकून ते म्हणाले, "तू उद्या भाकरी जास्त टाक. माणसं बरीच येतील."

दुसरी कुणी असती तर चिडली असती. भिवराबाई घरी गेली आणि सकाळी उठून पीठ मळू लागली.

उन्हे वर आल्यावर पाटील कुऱ्हाड घेऊन आले. त्यांनी हात उगारला. तो वरच राहिला. एका फांदीने बाही धरली होती. मान वळवली तर पागोटे अडकले. मागे सरले तर धोतर. बोरीला दोन तऱ्हेचे काटे असतात, एक सरळ आणि एक मागे वळलेला. जितके ओढावे तितका वळलेला घट्ट बसतो. कुऱ्हाड हातातून सुटली ती फांद्यांतच लटकली.

ठकोजी कोतवाल सोडवायला धावला आणि त्याची शेंडी अडकली. लोक जमले. पाटील आवाज न चढवता म्हणाले, आम्ही झाड पाहतो आहोत. ठकोजी म्हणाला, "मीबी झाडच बघतोय, पाटील."

एवढ्यात परगावची एक म्हातारी महाराजांच्या दर्शनाला आली. एक हात वर करून उभे असलेले पाटील पाहून तिला भरून आले. तिने नमस्कार केला, त्यांच्या पायाशी गुळाचा खडा ठेवला आणि समाधानाने परत गेली. ते पाहून आणखी दोघींनी गूळ ठेवला.

बातमी ऐकून तानूबाई लगबगीने आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले, गुळाकडे पाहिले. गाय आणायला वेळ नव्हता.

"अहो, हात खाली घ्या," त्या म्हणाल्या, "मुंग्या यायला लागल्यात."

"घेतला असता गं," पाटील हळूच म्हणाले. "ही बया घेऊ देईना."

तानूबाईंना हसू फुटले. मग पाटलांनाही. हसताना पागोटे आणखी अडकले, पण आता ते थांबेनात. लोणच्यात मीठ थोडे जास्तच पडले होते, असे तानूबाई म्हणाल्या. थोडे जास्तच बरे लागते, असे पाटील म्हणाले.

तेव्हा महाराज आले. सरळ बोरीत शिरले आणि खोडाला टेकून बसले. त्यांना एकही काटा लागला नाही.

"हैबतराव, तुम्ही ओढताय म्हणून ती धरतेय," महाराज म्हणाले. "तिच्याकडे जा. आणि वाका जरा."

सगळ्या गावासमोर बोरीपुढे वाकायचे? पाटील घुटमळले.

"वाका हो," तानूबाई म्हणाल्या. "मीपण वाकते." आणि त्या वाकल्या.

पाटील एक पाऊल पुढे गेले आणि वाकले. तशी बाही सुटली, धोतर सुटले, पागोटे अलगद फांदीवर राहिले. अंगावर एक ओरखडा नव्हता! ठकोजीचीही शेंडी सुटली. घरातून भिवराबाई भाकऱ्यांची चळत घेऊन बाहेर आली, तेव्हा पाटील तिला म्हणाले, "भिवराबाई, या झाडाला आता कुणी हात लावणार नाही. आणि चार फांद्या आमच्या बाजूला येऊ देत."

भिवराबाईने पदराने डोळे पुसले आणि सगळ्यांना जेवायला बसवले. भाकरी एकालाही कमी पडली नाही.

जेवणानंतर पाटील बोडक्या डोक्यानेच महाराजांपुढे आले आणि म्हणाले, "महाराज, मघाचा नमस्कार बोरीनं करवून घेतला. हा माझा मी करतोय."

महाराज म्हणाले, "मग थोडं डावीकडून करा. इथं समोर काटा आहे."

पाटील डावीकडे सरकले आणि त्यांनी महाराजांच्या चरणांवर मस्तक ठेवले.